शेवटची बॅच

गुरुवारी दुपारी माझ्याकडे एम.एस्सी. भूगोलाच्या पहिल्या वर्षाची सी बॅच असायची. ए आणि बी बॅचला प्लेन टेबल (मोजणीचा तिपाईवरचा फळा) मांडून होईपर्यंत एवढा गलका व्हायचा की दोनदा तरी ओरडावं लागे. सी बॅच मात्र शांत. एका टेबलाशी सुदानची दोन मुलं आपसात हळू आवाजात अरबीत बोलत. शेजारी येमेनचा एक आणि इथिओपियाचा एक, दोघेही मान खाली घालून. अफगाणिस्तानची मुलगी खिडकीजवळ, आणि उरलेल्या तीन मराठी मुलांचं टेबल वेगळं. पहिले काही आठवडे ही बॅच मला आवडायची. कामं वेळेत व्हायची, जर्नलं स्वच्छ असायची. शांतता म्हणजे शिस्त, असंच मी धरून चालले होते.

एका गुरुवारी तास संपल्यावर इथिओपियाच्या विद्यार्थ्याने विचारलं, "मॅम, आम्हाला वेगळं का बसवलंय?" मी म्हटलं, कुणी बसवलेलं नाही, रोल नंबरप्रमाणे बॅच पडते. "ओके मॅम" म्हणून तो गेला. तो इतरांपेक्षा वयाने मोठा, आपल्या देशात सरकारी कार्यालयात नकाशांचं काम करून आलेला. त्याने उगाच विचारलं नसणार, हे घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं आणि मग ते डोक्यातून जाईना.

हे प्रकरण पुण्यातल्या एका महाविद्यालयातलं, २०२२-२३ या वर्षातलं. विद्यार्थ्यांची नावं घेत नाही. देशाच्या आणि गावाच्या नावानेच त्यांना ओळखू.

पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या मुलाला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना रेक्टर असलेल्या डॉ. शां. ब. मुजुमदारांनी पाहिली आणि त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था उभी राहिली, ही गोष्ट आमच्या पिढीतल्या प्रत्येक प्राध्यापकाने ऐकलेली आहे. देशाचा आकडा पाहिला तर ही संख्या छोटी आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली भारतातल्या एकूण ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांमध्ये परदेशी होते सुमारे ४६,९००, आणि त्यातले २८ टक्के नेपाळचे. म्हणजे नऊशेंमागे एक. पण ते काही शहरांत, आणि त्या शहरांतही काही महाविद्यालयांत एकवटतात. तिसाच्या वर्गात पाच जण असले की त्यांचा एक गट बनतो आणि तो गट सगळ्यांना दिसतो.

आधी रोल नंबरचं सांगते, कारण मला सगळ्यात उशिरा दिसलेली गोष्ट तीच होती. आपल्या मुलांचे प्रवेश गुणवत्ता यादीने होतात. परदेशी मुलांचे कागद विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राकडून येतात. शिष्यवृत्तीवर असतील तर भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत. मग व्हिसा, मग तिकीट, इथे आल्यावर चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, त्यासाठी पुन्हा बोनाफाइड आणि राहत्या जागेचा पुरावा. एवढं होईतो वर्ग सुरू होऊन महिना उलटलेला असतो. उशिरा येणाऱ्याला पुढचा रोल नंबर, हा कार्यालयाचा साधा नियम. म्हणून पाचही जण पटाच्या तळाशी. पट तीन ठिकाणी कापला की तळाचा तुकडा त्यांचा. यात कुणाच्या मनात काही नव्हतं. पण त्याच रोल नंबरवर प्रॅक्टिकलची बॅच ठरते, सेमिनारचा गट ठरतो, संगणक कक्षातली जागा ठरते, प्रकल्पाचा मार्गदर्शक ठरतो. दोन वर्षं ही मुलं एकाच वर्गात असतात आणि आपल्या मुलांच्या शेजारी बसून काम करण्याची वेळ त्यांच्यावर येतच नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे माझाही वाटा आहे. शिकवणं इंग्रजीत, पण अवघड मुद्दा आला की मी मराठीत येते. येणारच. माझ्या वर्गात पुण्याची मुलं चार-पाच, बाकी बीड, लातूर, नांदेड, सोलापूरकडची. बी.एस्सी.पर्यंत निम्मं शिक्षण मराठीत झालेली. त्यांचे डोळे कोरे दिसले की जिभेवर मराठीच येतं. त्या दोन मिनिटांत मागच्या बाकावरचे पाच जण वहीत काहीतरी गिरवत बसत. मी मुद्दा संपवून इंग्रजीत परत यायचे. पण खरं समजावणं तर मराठीत होऊन गेलेलं असे.

मी मुलांशी एकेकट्याने बोलले. मंगळवेढ्याचा मुलगा, शेतकऱ्याघरचा, वर्गात हुशार, म्हणाला, "मॅडम, आमचं इंग्लिश तोंडातच अडकतंय. ती लोकं फाडफाड बोलत्यात. चुकलं तर हसतील की." आणि सुदानचा मुलगा, जझीरा प्रांतातला, वाद मदनीजवळच्या गावाचा, म्हणाला की इथले विद्यार्थी आमच्याशी बोलत नाहीत, बहुतेक आम्ही त्यांना आवडत नाही. त्याचीही शाळा अरबीतून झालेली. इंग्रजी तोही विद्यापीठातच शिकला होता आणि आपले उच्चार चुकतात म्हणून वर्गात प्रश्न विचारत नव्हता. दोघांना एकाच गोष्टीची लाज वाटत होती आणि दोघंही समोरच्याच्या गप्प राहण्याला तुसडेपणा समजत होते. स्थानिक, स्थानिक आपण म्हणतो, पण हा मंगळवेढ्याचा मुलगाही पुण्यात नवाच होता. कॉट बेसिसवर राहायचा, मेसच्या पोळ्यांना कंटाळलेला.

व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाचे दोन गट होते. एकात मी होते आणि पाचही परदेशी मुलं होती. त्यावर सूचना आणि वाढदिवसाचे केक. दुसरा मराठी मुलांचा. खरी माहिती त्यावर फिरायची: कोणाचा तास नाही, कोणत्या झेरॉक्सवाल्याकडे नोट्स आहेत, अंतर्गत परीक्षेत काय येणार. एकदा सकाळचा तास रद्द झाल्याचं फक्त दुसऱ्या गटावर पडलं. कोंढव्यात राहणारे तिघे दोन बस बदलून आठ वाजता येऊन दारात उभे. कोंढव्यात का राहतात, तर तिथे त्यांना जागा मिळते आणि आपली माणसं असतात. कॉलेजजवळच्या सोसायट्यांत मिळत नाही.

आणि एक शब्द होता. जिन्यावरून जाताना कुणीतरी "काळ्या" म्हणायचं. सुदानच्या मुलांना त्याचा अर्थ पहिल्या आठवड्यातच कळला होता. आपल्याबद्दलचा शब्द माणसाला सगळ्यात आधी कळतो. ज्याने म्हटलं त्याला मी बोलावून घेतलं. तो म्हणाला, मॅडम, आम्ही एकमेकांनाही म्हणतो. ते खरं होतं. मी त्याला विचारलं, तुला तसं म्हटलं तर तू उलट काय म्हणतोस? त्याने सांगितलं. मग विचारलं, तो मुलगा तुला उलट काय म्हणू शकतो, कोणत्या भाषेत, आणि त्याच्या बाजूने जिन्यावर कोण उभं आहे? तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढे त्याने तो शब्द वापरल्याचं माझ्या कानावर आलं नाही. वर्गातून तो पूर्ण गेला असं मात्र मी म्हणणार नाही.

याआधी आम्ही काही केलंच नव्हतं असं नाही. दर वर्षी आंतरराष्ट्रीय दिन साजरा व्हायचा: पारंपरिक पोशाख, खाण्याचे स्टॉल, फेटे बांधलेले परदेशी विद्यार्थी, वृत्तपत्रासाठी फोटो. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पुन्हा तीच टेबलं. आदल्या वर्षी मी प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला एक 'सोबती' नेमून दिला होता. सोबत्याने बँकेत न्यायचं, सिमकार्ड घेऊन द्यायचं, अर्ज भरायला मदत करायची. दिवाळीपर्यंत सोबती दमले. परदेशी मुलांनाही अवघडल्यासारखं झालं, कारण दर वेळी हात त्यांनीच पुढे करायचा. मला आता वाटतं की त्या योजनेचा पायाच चुकला होता. जो सतत मदत घेतो त्याच्याशी दया जुळते, मैत्री जुळत नाही. आपल्या मुलांना परदेशी मुलांची गरज पडेल असं एकही काम आम्ही दिलं नव्हतं.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की वेगवेगळे समूह नुसते एकत्र आणून पूर्वग्रह जात नाहीत. त्यांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांचं सहकार्य लागलं पाहिजे आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात आली तेव्हा वातावरण फार तापलं होतं. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा तर शेजारच्याचं ऐकावंच लागे. आमच्याकडे तसा धडा आयता होता: ग्रामसर्वेक्षण. दर वर्षी करतो, आणि दर वर्षी परदेशी मुलांना "तुम्हाला मराठी येत नाही" म्हणून मागे बसून टेप धरायला लावतो.

विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घेतली आणि दिवाळीनंतर बॅचेस नव्याने पाडल्या. पट वरून खाली न कापता पहिला ए मध्ये, दुसरा बी मध्ये, तिसरा सी मध्ये, असं वाटत गेले. कार्यालयातल्या बाईंना हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं पुन्हा भरावं लागलं. त्यांनी कुरकूर केली आणि दोन संध्याकाळी थांबून भरूनही दिलं. सर्वेक्षणासाठी चौघांचे गट केले. एकाकडे जमिनीचा चढउतार मोजायची डम्पी लेव्हल, एकाकडे जीपीएसवर विहिरींची नोंद, एकाकडे घरोघरची प्रश्नावली, एकाकडे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा. अट एकच: ज्याने जे काम केलं त्याने ते सादर करायचं नाही. ते गटातल्या दुसऱ्याने सादर करायचं आणि प्रश्नांना उत्तरंही त्यानेच द्यायची.

या अटीने पहिल्या आठवड्यात रडारड झाली. मंगळवेढ्याच्या मुलाकडे प्रश्नावली, पण इंग्रजीत सादर करायचा इथिओपियाच्या विद्यार्थ्याने केलेला नकाशा. तो मला भेटून म्हणाला, मॅडम, मला नाही जमणार. मी म्हटलं, ज्याला येतं तो तुझ्याच गटात आहे. संगणक कक्षात संध्याकाळी ते दोघं आणि सुदानचा मुलगा बसू लागले. क्यूजीआयएस शिकवणारा इथिओपियन आमच्यातल्या कुणाहीपेक्षा चांगला निघाला. प्रश्नावलीतले "बटाईने", "सालगडी", "पड जमीन" हे शब्द त्या दोघांना समजावताना मंगळवेढेकराचं इंग्रजी सुटलं. व्याकरण तसंच राहिलं, पण तो थांबेनासा झाला.

सर्वेक्षण जानेवारीत, पुरंदर तालुक्यातल्या एका गावात, तीन दिवस. अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, ओढ्याकाठच्या विहिरी, आणि माळाकडच्या रानात रब्बीची ज्वारी. दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरींच्या नोंदी करत हा गट एका शेताजवळ आला. मी बांधावर होते. सुदानचा मुलगा जीपीएस हातात धरून चालता चालता थांबला, ज्वारीत शिरला, एक कणीस वाकवून त्याचा दाणा नखाने फोडून पाहिला आणि म्हणाला, "धुरा!" यवतमाळची मुलगी मागून म्हणाली, नाही, धुरा म्हणजे बांध, आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. मग कळलं, सुदानमध्ये ज्वारीला धुरा म्हणतात. त्याच्या घरची ज्वारीच.

शेतातल्या आजींनी आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली. त्यांनी एक भाजलेलं कणीस त्याच्या हातात दिलं. मंगळवेढ्याच्या मुलाने तळहातावर ते कसं चोळायचं, फुंकर मारून कोंडा कसा उडवायचा हे दाखवलं. सुदानच्या मुलाच्या बोटांना चटका बसला, सगळे हसले, तोही हसला. हुरडा खाताना तो सांगत होता, मंगळवेढेकर आजींना मराठीत सांगत होता: त्याच्या घरी ज्वारीचं पीठ भिजवून आंबवतात, तापल्या तव्यावर अगदी पातळ पसरतात, त्याला किसरा म्हणतात, आणि घट्ट शिजवलं की असीदा. आजी ऐकून म्हणाल्या, "म्हंजी आंबलीच्या पिठाचं घावन. तुझी आई पण हेच करती व्हय रं लेकरा? लांबून आलाय म्हनत्यात आन् खातोय तर आमचंच."

रात्री शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर बसून मी मुलांना सांगितलं की पूर्व सुदानात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ज्वारी लागवडीखाली आल्याचे पुरावे मिळाले आहेत. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, तिथल्या मालदांडी वाणाचा मंगळवेढ्याच्या मुलाला केवढा अभिमान. तो चमकून म्हणाला, "म्हणजे आमची ज्वारी ह्यांच्याकडची?" त्यावरून वाद पेटला तो पाण्यावर जाऊन थांबला. जझीरा प्रांतात निळ्या नाईलवर सेन्नारचं धरण १९२५ मध्ये झालं आणि कालव्यांचं जाळं उभं राहिलं. इंग्रजांना कापूस हवा होता म्हणून. सुदानचा मुलगा कालव्यांत साचणाऱ्या गाळाबद्दल, टोकाच्या शेताला न पोचणाऱ्या पाण्याबद्दल बोलत होता. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं वर्षानुवर्षं सिंचनाचं पाणी मागतायत. दोघंही कालव्याच्या टोकाचीच माणसं. बारा वाजता मी दिवे बंद करायला गेले तेव्हा दोघं वहीत नाईलचा नकाशा काढत होते.

सादरीकरणात तो गट पहिला आला नाही. मंगळवेढेकर दोनदा अडखळला. पण प्रश्नांना त्याने उत्तरं दिली, आणि सुदानच्या मुलाने "बटाई" हा शब्द तज्ज्ञांसमोर इंग्रजीत असा उलगडला की मला स्वतःला तो इतका नीट सांगता आला नसता.

अफगाण मुलीचं वेगळं होतं. तिचं हिंदी उत्तम, मालिका बघून शिकलेलं. इतरांशी बोलायला तिला भाषेची अडचण कधी नव्हती. २० डिसेंबर २०२२ ला तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली. तिची धाकटी बहीण काबूलमध्ये शिकत होती. ती तीन दिवस वर्गात आली नाही. तिच्या गटातली बीडची मुलगी वसतिगृहात तिच्या खोलीवर गेली आणि रात्री तिथेच राहिली. पुढे या बीडच्या मुलीनेच मला सांगितलं की बारावीनंतर तिच्याही लग्नाची बोलणी झाली होती. एका मामाने थांबवली म्हणून ती इथवर आली. काबूल आणि बीड एका मापाने मोजता येत नाहीत, हे तिलाही कळत होतं. पण दारावर टकटक करायला तिला तेवढं पुरलं. गट आधीच झाला होता म्हणून ती टकटक झाली, असं मला वाटतं. जुनी सी बॅच असती तर कोण कोणाकडे गेलं असतं?

येमेनचा विद्यार्थी मिसळला नाही. गटातलं काम चोख करायचा आणि तास संपला की कोंढव्याला आपल्या माणसांत जायचा. सुरुवातीला मला ते अपयश वाटलं. आता नाही वाटत. परदेशात शिकणाऱ्याला आपल्या देशाची माणसं वेगळ्या कारणासाठी लागतात आणि तिथली माणसं वेगळ्या. रात्री ताप भरला तर तो आपल्या भाषेतच कण्हणार. मैत्री लादता येत नाही. तिच्या आड येणारा रोल नंबर काढून टाकणं मात्र माझ्या हातात होतं.

१५ एप्रिल २०२३ ला सुदानची राजधानी खार्टूममध्ये लढाई सुरू झाली. बँका बंद, फोन लागेनात, दोघा सुदानी मुलांचे घरून येणारे पैसे थांबले. फीची मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज घेऊन माझ्याकडे आला तो मंगळवेढेकर. सोबत सगळ्या वर्गाच्या सह्या होत्या. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवरचा दुसरा गट कुणी न सांगताच हिंदी-इंग्रजीत चालू झाला होता आणि पाचही जण त्यात होते.

मे महिन्यात सुदानच्या मुलाच्या खोलीचा करार संपला आणि वाढीव भाडं परवडेना. मंगळवेढेकर म्हणाला, आपण दोघं मिळून घेऊ. धनकवडी-आंबेगाव भागात त्याने फोन लावले. जोवर तो मराठीत बोलत होता तोवर खोली रिकामी असायची. "सोबत कोण?" याचं उत्तर दिलं की ती नुकतीच गेलेली असायची. असे सात फोन झाले. आठव्याआधी तो माझ्या केबिनमध्ये येऊन बसला. "मॅडम, हे लोक मला नाही म्हणतायत की त्याला?" एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी जे घरमालक तयार झाले त्यांना भीती पोलिसांची होती. परदेशी माणूस ठेवला तर चौकीत खेटे घालावे लागतील, असं त्यांना कुणी सांगितलेलं. खरं तर तेव्हा परदेशी भाडेकरूची माहिती देणारा सी-फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा असे; पासपोर्ट, व्हिसा, पत्ता, फोटो. काकांच्या जेवणाच्या टेबलावर बसून मंगळवेढ्याच्या मुलाने मोबाइलवर तो भरून दिला. इंग्रजी रकाने तो वाचत होता, सुदानचा मुलगा पासपोर्टवरचे आकडे सांगत होता, काकू चहा ठेवत होत्या. काकांनी एकच गोष्ट विचारली, मटण शिजवणार का? दोघांनी एकदम सांगितलं, रविवारी.

करार अकरा महिन्यांचा झाला, दोघांच्या नावावर. तो संपल्यावर आणखी एकदा वाढवला.